न बोलणाऱ्यांची साक्ष

आमच्या वाडीत कुणाचं कुणाशी वाजलं की बाकीची घरं दार लोटून कान लावायची. पुकारेकाका मात्र चपला घालून निघायचे. भांडण सोडवायला नव्हे, ते नीट पक्कं झालंय की नाही ते बघायला. दोन्ही घरं आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत अशी खात्री पटली की ते समाधानाने परत यायचे आणि मला म्हणायचे, "झाला गो काम. उद्या दोघांक घेवया."

घेऊया म्हणजे साक्षीला घेऊया. आमच्या वाडीचं एक इतिहास मंडळ होतं आणि काका त्याचं न्यायखातं होते.

पुकारे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त लाइटबिलावर दिसायचं. जन्मभर त्यांनी एका कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केली. दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरी आला. काकी होत्या तोवर त्यांनी तो कसाबसा उंबऱ्याच्या आत कोंडून ठेवला होता. त्या गेल्या आणि आवाज मोकळा सुटला. दूधवाल्याचं नाव तीनदा, बाजूच्या इमारतीत झोपलेल्या वॉचमनचं नाव तीनदा. वाडीचा चढ चढताना शेजारीण दिसली तर तिलाही आधी नावाने पुकारायचं आणि मग विचारायचं, "काय, बरी आसंस मा?" बिचारीला आपण काहीतरी गुन्हा केलाय असंच वाटायचं.

वाडी म्हणजे जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या मागच्या चढावर समोरासमोर दोन बैठ्या चाळी. वरच्या चाळीत आमच्यासारखी कोकणातली, एकेकाळी गिरणीत जाणारी कुटुंबं. खालच्या चाळीत घाटावरून आलेली बौद्ध कुटुंबं. मधे मोकळी जागा, आणि त्या जागेच्या टोकाला, उंबराखाली, एक विहीर. विहीर म्हणजे आता काठापर्यंत डेब्रिज, त्यावर कुणाचा तरी जुना कमोड, असा ऐवज.

पुनर्विकासाची नोटीस लागली तेव्हा आम्हाला एकदम इतिहासाचं प्रेम आलं. इतकी वर्षं जी भिंत पडली तर बरं असं वाटायचं, तिच्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढायला लागले. मंडळ निघालं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. त्यात सकाळी फुलांचे फोटो, दुपारी पाणी का आलं नाही याची चौकशी, आणि रात्री कुणीतरी एखादा जुना फोटो टाकायचा, ज्यात सगळे डोळे मिटून उभे असायचे. अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांना इतिहास हवा होता, पण चांगला. म्हणजे पांडव.

गुंफा जवळ असल्यामुळे आमच्याकडे पांडवांना फार मागणी. पांडव आमच्या विहिरीवर पाणी प्यायले होते, असं अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उभेच होते, कारण साक्षीच्या ठिकाणी ते कधी बसत नसत. म्हणाले, "साक्षीदार कोण?"

"अहो काका, पांडवांचे साक्षीदार मी कुठून आणू?"

"मग कौरवांचे आणा. माका चालतीत. त्यांच्यात अबोला होतोच."

त्या दिवशी काकांचा नियम मंडळाला पहिल्यांदा कळला. एखादी गोष्ट दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितली तरच ती इतिहासात घ्यायची, आणि त्या दोघांमध्ये अबोला असला पाहिजे. "गोडीतली माणसं एकमेकांक सांभाळून सांगतत," ते म्हणायचे. "न बोलणारी दोघां एकच गोष्ट सांगूक लागली, तर ती झालेलीच असता." चाळीस-एक वर्षं कोर्टाच्या दाराशी उभं राहून त्यांनी एवढाच कायदा बाहेर आणला होता. आम्ही आधी हसलो. नंतर विचार केला तेव्हा त्यात खोट काढता येईना.

मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे साक्ष फोनवर रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याआधी भांडणं शोधायचं कामही. दारोदार जाऊन "तुमचं सध्या कुणाशी वाजलंय?" असं विचारायचं. मला वाटलं होतं लोक हाकलतील. उलट चहा मिळाला. शिवाय पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू झाल्याने इतिहासाला सुगीचे दिवस आले होते. कुणाला कितव्या मजल्यावर घर, कुणाची खोली भावाने आपल्या नावावर करून घेतली, यावरून सख्खे भाऊ, व्याही, एकाच लग्नात नवरा-नवरीला दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिलेले मामा, सगळे एकमेकांशी बोलायचे थांबले. काका खूश. "येवढो पुरावो आयुष्यात कधी मिळाक नव्हतो," म्हणाले.

पण माणसं कधी कधी गोडही होतात, आणि तेव्हा काकांचं डोकं फिरायचं. पिठाची गिरणी पूर्वी कुठे होती ते दोन जावांच्या साक्षीवरून सिद्ध झालं होतं. पुढे धाकटीच्या नातवाच्या बारशाला दोघी गळ्यात पडून रडल्या. काकांनी बाळाच्या हातात पाकीट ठेवलं, पेढा घेतला, आणि दोघींना कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "गिरणीचं प्रकरण आता पुन्हा उघडावं लागणार. तुमका जरा थांबूक काय झाला होता?"

स्वतः काकांचा एक अबोला वाडीत प्रसिद्ध होता. समोरच्या खालच्या चाळीतल्या कांबळेमामांशी.

कांबळेमामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कॅरममध्ये असा हात की स्ट्रायकर त्यांच्या बोटाला विचारून जायचा. काका आणि ते लहानपणापासूनचे मित्र, डबल्सचे जोडीदार. एका वर्षी वाडीच्या कॅरम स्पर्धेच्या फायनलला मामांनी राणी घेतली आणि कव्हरही केली. कप हातात आलाच होता. समोरच्यांनी तक्रार केली की मामांचा हात रेषेला लागला. पंचांचं लक्ष नव्हतं. त्यांनी सगळ्यांना विचारलं, कुणी पाहिलं का? आणि काका, स्वतःच्याच जोडीदाराच्या समोर बसलेले काका, उभे राहून म्हणाले, "लागला. मी बघितला."

कप गेला. मामा उठले आणि त्या दिवसापासून बोलायचे थांबले. दोघांची दारं समोरासमोर. काही सांगायचं झालं तर मधून जाणारा येणारा पोस्टमन व्हायचा. "सांग तुझ्या कोर्टाला, त्याचा नळ गळतोय." "सांग चॅम्पियनाक, माका दिसता." असं वर्षानुवर्षं.

मग विहिरीचा प्रश्न आला.

नव्या इमारतीच्या प्लॅनमध्ये विहिरीच्या जागी पार्किंगचा रॅम्प होता. वाडीत गाड्या किती, हे विचारू नका. पण रॅम्पवरून लोक इतक्या पोटतिडकीने भांडत होते, की गाडी नसलेला माणूसही उतारावर ब्रेक लागेल की नाही याची काळजी करत होता. बिल्डरच्या इंजिनिअरचं म्हणणं, ती विहीर नाहीच. बाजूची इमारत बांधताना कुणीतरी पाण्यासाठी खणलेला खड्डा आहे, बुजवून टाकू. सोसायटी म्हणाली, वापरातली जुनी विहीर होती असं मीटिंगमध्ये पटवून द्या, मग रॅम्प सरकवायला सांगू. नाहीतर डम्पर येईल.

काकांना त्या विहिरीचं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. बाकी सगळं पाडा म्हणणारा माणूस विहिरीला मात्र हात लावू देत नव्हता. रोज संध्याकाळी काठावरचा कचरा काठीने बाजूला सारायचा. एकदा मला म्हणाले, "ही गेली तर मग काहीच झालाच नाय असा होतला."

विहिरीवर पाणी भरताना पाहिलेली, धडपणे बोलू शकणारी दोनच माणसं उरली होती, काका आणि कांबळेमामा. शिवाय त्यांच्यात अबोला. म्हणजे असा पुरावा की सुप्रीम कोर्टातही टिकला असता. पण नेमकी इथेच माशी शिंकली. अध्यक्षांना वाटलं, दोन म्हातारे व्यासपीठावर शेजारी शेजारी बसून हसत हसत आठवणी सांगतायत, हे किती छान दिसेल! फोटोही चांगला येईल. त्यांनी दोघांचा समेट घडवून आणायचं ठरवलं आणि पेढ्यांचा बॉक्स मागवला.

काका तयार नव्हते. "साक्ष बाटवू नका," म्हणाले. पण मामाच पेढा घेऊन मधली जागा ओलांडून आले आणि दारात उभे राहिले.

"घे की लेका. किती वर्षं तोंड फिरवून बसणार? मरायला आलो आपण."

काकांनी पेढा घेतला आणि तोंडात टाकला.

पुढचे काही दिवस वाडीने असं काही पाहिलं, की मलाही खूप बरं वाटलं. दोघं संध्याकाळी उंबराखाली कॅरम मांडून बसायचे, पावडर उडायची, शिव्या उडायच्या. "मेल्या, हात बघ, हात!" "तू गप, आंधळ्या पंचा!" मी एकदा विचारलं, काका, मजा येते ना? म्हणाले, "येता गो. खूप येता." आणि सोंगट्या लावता लावता, "पण साक्ष गेली."

मीटिंग दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत झाली. खुर्च्या, माइक, वडापाव. अध्यक्षांनी आधी मामांना बोलावलं. मामांनी छान शर्ट घातला होता. माइक हातात घेऊन म्हणाले, "विहीर होती. वरची चाळ, खालची चाळ, आम्ही सगळी एकत्र पाणी भरायचो. भेदभाव नावाला नव्हता. फार गोडी होती आमच्यात."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांचे डोळे पाणावले. इंजिनिअर मात्र खुर्चीत रेलून हसत होता. "अंकल, बुरा मत मानो. हर साइट पे यही बोलते हैं. सब मिलके पानी भरते थे, बड़ा प्यार था. मालाड में तो टंकी को भी कुआँ बोले थे."

मग काकांची पाळी. ते माइकपाशी गेले नाहीत. जागेवरच उभे राहिले, आणि त्यांनी स्वतःच्याच नावाचा तीनदा पुकारा केला. पोरं हसली. काका हसले नाहीत.

"विहीर होती," ते म्हणाले. "पाणी होतं. गोडी नव्हती."

अध्यक्षांनी माइक उगाच ठोकून बघितला.

"दोर माझ्या आईच्या हातात असायचा, नाहीतर वरच्या चाळीतल्या दुसऱ्या कुणाच्या. खालच्या चाळीतल्या बायकांना दोराला हात लावायची बंदी. त्या हंडा खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या. ह्याची आई पण. माझी आई वरून ओतायची. ओतून ती मागे सरली की मग ह्याची आई पुढे यायची. हे ऐकीव नाही. मी आईचा पदर धरून तिथंच उभा होतो."

कांबळेमामा ताडकन उठले. "बस खाली! मी झाकतोय, तर तू कशाला उघडतोस? एवढ्या लोकांत तुझ्या आईची लाज राखली मी आज!"

"राखलीस, म्हणूनच तुझी साक्ष बाद."

"बाद? मग घे आता!" मामांचा आवाज चिरकला. "ओतताना अर्धं बाहेर सांडायची तुझी आई. मुद्दाम की काय, कुणास ठाऊक. माझी आई त्या सांडलेल्यात पाय धुऊन घ्यायची आणि म्हणायची, तेवढंच. घरी येऊन रडायची. लिही तुझ्या इतिहासात!"

"सांडायची," काका म्हणाले. "उंबराच्या बाजूला. तिथे कायम चिखल असायचा."

वडापाव हातात धरून माणसं तशीच बसली होती. मग मागून खालच्या चाळीतली एक म्हातारी म्हणाली, "हंडा ठेवायचा दगड असंल की तिथं अजून. माझी सासू सांगायची. आमच्यासाठी वेगळा दगड होता, लांब."

पोरं उठली आणि उंबरापाशी धावली. डेब्रिज उपसलं, कमोड बाजूला झाला. काठापासून चार हात लांब, मातीत, एक सपाट दगड निघाला. मधे गोल खळगा पडलेला, हंड्यांच्या बुडाने झिजलेला. त्या दगडाभोवती वरच्या आणि खालच्या चाळीतली माणसं उभी राहिली. इंजिनिअरही येऊन बघून गेला. खड्ड्यावर पाणी भरायला कुणी कुणाला वेगळा दगड देत नाही, एवढं त्यालाही कळलं असावं.

रॅम्प सरकला. मंडळाचा विजय झाला असं अध्यक्षांनी ग्रुपवर टाकलं, खाली फटाक्यांची चित्रं.

कांबळेमामा मात्र मीटिंग संपायच्या आत घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी कॅरम मांडला, पावडर टाकली, सोंगट्या लावल्या. समोरचं दार बंदच राहिलं. अंधार पडल्यावर त्यांनी सोंगट्या एकेक करून डब्यात भरल्या. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, एवढं खरं बोलायची गरज होती का?" त्यांनी डबा बंद केला आणि बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला.

मग पाटीचा घोळ. विहिरीपाशी मंडळाने पाटी लावायची ठरवली. अध्यक्षांचा मजकूर: "ऐतिहासिक विहीर. येथे सर्व समाज गुण्यागोविंदाने पाणी भरत असे." काका म्हणाले, जे घडलं ते लिहा. वाद चालू असताना मामांनी मला दारातून हाक मारली. "सांग तुझ्या कोर्टाला, पाटी लावायचीच असली तर माझ्या आईचं नाव लाव. ती लांब उभी राहायची, तिचं नाव कुठंच नाही."

मी निरोप पोचवला. काकांनी मजकूर बदलला. त्यात मामांच्या आईचं, कोंडाबाई कांबळे यांचं नाव आलं. आणि पाणी वरून कोण ओतायचं, तिथे काकांनी स्वतःच्या आईचं नाव घातलं.

अध्यक्ष हादरले. "अहो काका, जन्मदात्या आईचं नाव असं कुणी लावतं का?"

"मग कुणाच्या आईचं लावू?"

पाटी लागली. आता बिल्डरच्या जाहिरातीत विहिरीचा फोटो असतो, विक्रीच्या इमारतीतले विहिरीकडे तोंड असलेले फ्लॅट जरा चढ्या भावाने जातात, आणि फोटो काढताना पाटी चौकटीबाहेर राहील एवढी काळजी घेतलेली असते.

वाडी रिकामी झाली. आम्हाला जवळच भाड्याचं घर मिळालं, काकांनाही. मामांना दहिसरला, नाक्याच्या अलीकडे संक्रमण शिबिरात खोली. काका दर रविवारी दहिसरला जायला लागले. मला वाटलं, बोलणं सुरू झालं असेल. एकदा मी बरोबर गेले तर बघते, मामी चहा ठेवून गेल्या, दोघांनी कॅरम मांडला आणि संध्याकाळपर्यंत खेळले. एक शब्द नाही. मामांचा हात एकदा रेषेला लागला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामांनी आपणहून सोंगटी परत ठेवली. निघताना काकांनी चपला घातल्या आणि मामींना म्हणाले, "सांगा चॅम्पियनाक, पुढच्या रविवारी येतंय."

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग एका सकाळी ग्रुपवर मामांचा फोटो आला, खाली हात जोडलेले. या वेळी फुलांचा फोटो नव्हता.

मामांच्या जलदान विधीला आम्ही दोघं गेलो. भंतेजींची वंदना झाली, लोक पांगले. काका भिंतीला टेकून उभे होते. मामी त्यांच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, राग नव्हता हो त्यांना. त्या मीटिंगनंतर पहिल्या महिन्यातच गेला होता. मी म्हटलं, मग बोला की त्यांच्याशी. तर म्हणाले, नको, मी बोललो तर त्याचं काम बिघडेल. त्याला न बोलणारा माणूस लागतो. माझ्याशिवाय कोण आहे त्याला?"

काकांनी भिंतीचा आधार सोडला.

"म्हणजे संगनमत झालं," ते म्हणाले. "म्हणजे ही पण साक्ष गेली." आणि कोर्टातल्या आवाजात, मोठ्यांदा, सगळ्यांसमोर रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काकी गेल्या तेव्हाही नाही.

परत आम्ही रिक्षाने आलो. घराशी उतरल्यावर मला म्हणाले, "गो, त्याचं-माझं सगळं आता माझ्या एकट्याच्या तोंडात राहिलं. कॅरम, पेढा, आईचं, दहिसर. एकट्याची साक्ष कोण धरता? दुसरी तूच. तूच सगळा बघलंस."

"मग मी सांगेन ना काका. कधीही सांगेन."

"तसा नाय. आपण गोडीत आसंव. तू माझ्याशी भांड."

मला हसू आलं. "कशावरून भांडू?"

"कशावरूनय. तुझ्या आईचे घावणे वातड असतत. आजपर्यंत भिडेपोटी खाल्ले."

"काका!"

"हसू नको. हसलीस की बाद." त्यांचे डोळे अजून लाल होते. "उद्यापासून माझ्याशी बोलू नको. जा."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. नव्या इमारतीत आम्ही दोघं एकाच विंगमध्ये आहोत, ते माझ्याहून दोन मजले वर. लिफ्टमध्ये भेटतो. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, पण माझ्या मजल्याचं बटण आधी दाबतात. आई सणासुदीला घावणे पाठवते. रिकामा डबा धुऊन, शेजारणीच्या हातून परत येतो. "सांग तिका, यंदा बरे झाले होते," असा निरोपही कधीकधी येतो. मी उत्तर पाठवत नाही. पाठवावंसं फार वाटतं.

त्यांनी आपली साक्ष फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवली आहे असं शेजारीण सांगते. मी ती ऐकलेली नाही. आणि हे सगळं मी त्यांना न विचारता, न दाखवता लिहिलं आहे. दोन्ही साक्षी शेजारी शेजारी ठेवून बघा. जुळलं, तर कांबळेमामा होते असं धरायला हरकत नाही.